शिंगाळा, शिवडा आणि पाण्याचे मालक



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंतातील व्याख्यानांची प्रथा पाडली, तेव्हापासून या शहराने वेदान्त ऐकला, अर्थशास्त्र ऐकले, स्वराज्य आणि समाजवादही ऐकला. त्या पंक्तीत नदीतल्या माशांसाठी पाट मांडावा, आणि वाढायला कामगार चळवळीतल्या एका कार्यकर्त्याला बोलवावे, हे जरा विचित्रच. परंतु मासा पकडणे हे काम आहे. काम म्हटले की त्यात कामकरी आला, आणि कामकरी आला की त्याच्या कष्टाचा मालक कोण हा प्रश्न आलाच. त्या प्रश्नापुरता माझा अधिकार आपण मानावा. माशांच्या शास्त्रात मी केवळ विद्यार्थी आहे, आणि तोही रात्रशाळेचा.

स्वारगेट म्हटले म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे एस. टी. चे स्थानक, रिक्षांची रांग आणि आता जमिनीखालून धावणारी मेट्रो येते. याच स्वारगेटच्या अंगाने मुठेचा उजवा कालवा वाहतो, हे मात्र कित्येकांच्या ध्यानातही नसते. खडकवासल्याहून निघालेले पाणी पर्वतीच्या पायथ्याशी येते, स्वारगेटला वळसा घालते, गुलटेकडीच्या बाजूने हडपसर गाठते आणि पुढे दौंड-इंदापूरच्या दिशेने जाते. रोज हजारो माणसे हा कालवा ओलांडतात. खाली पाहणारी थोडी.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात आवर्तन संपून कालव्याचे पाणी उतरले होते. तळाशी ठिकठिकाणी डबकी राहिली होती आणि वस्तीतली पोरे त्यांत पाट्या घेऊन उतरली होती. आमच्या ओळखीचा इंदापूरकडचा एक हमाल काठावरून ही गंमत पाहत होता. पोरांना आवरेनासा एक मोठा मासा डबक्यात धडपडू लागला, तसा तो खाली उतरला, पाठीवरचे गोणपाट त्याने माशावर टाकले आणि त्याला गुंडाळून वर आणले. मासा त्याच्या मनगटापासून खांद्यापर्यंत भरला. अंगावर खवला नाही, तोंड चपटे, ओठांच्या कडेने लांब मिशा. मी हात पुढे केला, तेव्हा तो म्हणाला, "भाऊ, लांबनंच बघा. शिंगाळा हाय. त्याचा काटा लागला तर चार दिवस पोतं उचलायचं नाव घेणार नाही तुम्ही."

पुढे एका ग्रंथालयात माशांवरचे पुस्तक चाळताना मी त्याचे शास्त्रीय नाव शोधले. सिंधूपासून गंगा-ब्रह्मपुत्रेपर्यंत जो मासा सापडतो, ज्याच्यावर लाहोर, कोलकाता आणि ढाका येथील पंडितांनी निबंध लिहिले, त्याचे जगभर मान्य झालेले नाव निघाले 'स्पेराटा सीनघाला'. म्हणजे आमच्या हमालाने गोणपाटात गुंडाळलेला तोच शिंगाळा. हा शब्द लंडनच्या पुस्तकात गेला तो पुण्याहून, आणि शास्त्राने हा मासा प्रथम पाहिला तो आपल्या मुळा-मुठेत. ही हकीकत मुळापासून सांगितली पाहिजे.

पेशवाई बुडून सहा वर्षे झाली होती. १८२४ साली मुंबई सरकारने विल्यम हेन्री साइक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्यास दख्खनची मोजदाद करण्याच्या कामावर नेमले. जमीन किती, पिके कोणती, माणसे किती, सारा किती बसेल, हे सरकारला हवे होते. साइक्स चौकस मनुष्य होता. सरकारचे काम करता करता त्याने पाखरे टिपली, जनावरे टिपली, मासे टिपले. १८३१ साली तो मायदेशी परतला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या अध्यक्षपदी चढला आणि पार्लमेंटातही बसला. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या कार्यवृत्तात १८३९ साली आला आणि दोन वर्षांनी सविस्तर छापला गेला. त्यात चाळीसहून अधिक जाती आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ त्याने प्रथमच जगापुढे मांडल्या.

या जातींची नावे वाचताना आपण लंडनला आहोत की नदीकाठच्या बाजारात, असा संभ्रम पडतो. सीनघाला म्हणजे शिंगाळा. सींगटी म्हणजे शिंगटी. गोगरा म्हणजे आपला घोगरा. खुद्री, कोलस, नुक्ता, टाकरी, गुंगवारी, रोहटी ही सारी नावे इंग्रजी कानांनी ऐकलेली, रोमन लिपीत बसवताना थोडी दुमडलेली, पण आपली आहेत. ज्याला इंग्रज साहेब महासीर म्हणून मान देत, त्या माशाची दख्खनी जात आजही जगात खुद्री म्हणूनच ओळखली जाते.

आता एक साधा हिशेब मांडू. नाव मराठी आहे, त्याअर्थी ते कोणी तरी मराठी माणसाने सांगितले. मासा हातात असल्याशिवाय त्याचे नाव कोणी सांगत नाही, त्याअर्थी सांगणाऱ्याने तो पकडलेला असावा, निदान पकडणाऱ्याच्या शेजारी तो बसलेला असावा. मुळा-मुठेवर हे काम परंपरेने भोयांचे. भोई म्हणजे जाळे टाकणारा, नाव हाकणारा आणि पालखी वाहणाराही. ज्या काळात साहेब मेण्यातून हिंडत, त्या काळात साहेबाला नदीपर्यंत वाहून नेणारा खांदा आणि नदीतून मासा वर काढणारा खांदा एकाच जमातीचा होता. साइक्सने काही जातींना माणसांची नावे दिली. यारेल आला, चिल्ड्रेन आला, ऑगिल्बी, व्हिगर्स आणि ओवेन आले; ही सारी त्याच्या देशातली विद्वान मंडळी. जाळे ओढणाऱ्याचे नाव कोणत्याही माशाला मिळाले नाही. त्याचा शब्द शास्त्रात गेला, तो मात्र काठावरच राहिला.

मी हे साइक्सवर रोष धरून बोलत नाही. त्याने निदान शब्द जपले. दुसऱ्या कोणी त्या जागी ग्रीक आणि लॅटिन नावे घातली असती, तर मला ग्रंथालयात शिंगाळा भेटलाच नसता. परंतु श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, ही जी रीत तेव्हा नदीकाठी दिसते, ती पुढे दीडशे वर्षे पाण्यावर कशी चालत आली, हेच आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे.

आता या माशांची थोडी ओळख करून घेऊ. ज्यांना विश्वकोशी भाषेत मार्जारमीन म्हणतात, त्यांच्या अंगावर खवले नसतात आणि तोंडाभोवती मिशा असतात. या मिशा शोभेच्या नव्हेत. गढूळ पाण्यात आणि रात्रीच्या अंधारात तोच त्यांचा डोळा. आपल्याकडच्या मोठ्या मार्जारमीनांत तीन मुख्य. पहिला शिंगाळा, पाठीच्या आणि कल्ल्याजवळच्या परांत कठीण काटा बाळगणारा. हा उन्हाळ्यात तळाच्या गाळात खड्डा करून घर करतो. मादी अंडी घालते आणि नर त्यांची राखण करतो. दुसरा शिवडा, लांबट, चपटा, तोंड इतके मोठे की इंग्रज शिकारी त्याला गोड्या पाण्यातला शार्क म्हणत. हा पावसाळ्यात, नदी पात्र सोडून कडेच्या खाचरांत शिरते तेव्हा अंडी घालतो. तिसरा तो, ज्याला साइक्सने यारेलचे नाव दिले आणि उत्तरेकडे गूंच म्हणतात. याला खडकाळ तळ आणि ओढीचे पाणी लागते. वाढला तर तो माणसाच्या उंचीला पोचतो.

असा मासा पकडणे हे पोरखेळाचे काम नव्हे. दिवसा तो डोहाच्या तळाशी, कपारीत, बुडालेल्या झाडाच्या मुळाशी पडून राहतो, हालचाल रात्रीची. म्हणून भोयाची पाळीही रात्रीचीच. संध्याकाळी जाड दोराला मोठा गळ बांधायचा, गळाला जिवंत लहान मासा, बेडूक किंवा गांडुळांचा पुंजका लावायचा, आणि दुसरे टोक काठावरच्या बाभळीला किंवा ठोकलेल्या खुंटाला अडकवायचे. एकाच लांब दोरावर अनेक गळ सोडले की झाली दावण. ती डोहात आडवी पसरायची आणि तांबडे फुटताना ओढायची. ओढताना घाई केली तर गळ सुटतो, ढिलाई केली तर मासा कपारीत शिरतो आणि दोर खडकावर घासून तुटतो. शिवडा ओढीला लागला की अंगाला पीळ घालतो. शिंगाळा काटे उभे करून जाळ्यात असा अडकतो की त्याला सोडवताना जाळे फाटते नाहीतर हात फाटतो.

उन्हाळ्यात नदी आटून डोह वेगळे झाले की चार-सहा जण मिळून जाळे ओढीत. जाळी सुताची किंवा तागाची, घरी विणलेली. झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून कुजण्यापासून वाचवलेली. ते विणण्यात घरातल्या बायकांचा हात बरोबरीचा, आणि मासा बाजारात नेऊन विकणे हे तर बहुतेक त्यांचेच काम. मजुरीचा हिशेब मांडताना हे काम कोणी धरीत नाही, म्हणून मुद्दाम सांगितले. स्वातंत्र्यानंतर नायलॉनचा धागा आला. जाळे हलके झाले, टिकाऊ झाले आणि विकत घ्यावे लागू लागले. विकत घ्यायला पैसा लागला, आणि पैशाबरोबर उचल देणारा आला.

पावसाळ्याच्या तोंडी आणखी एक प्रकार चाले, अजूनही चालतो. पहिला पूर आला की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट वर चढतात. या चढणीच्या माशांवर सगळा गाव तुटून पडतो. पोटात अंडी असलेली मादी पकडणे म्हणजे पुढच्या सालचे बियाणे खाणे होय. हे भोयालाही कळते. पण आपण सोडलेला मासा वरच्या वळणावर दुसरा कोणी तरी पकडणारच, हे ठाऊक असल्यावर सोडतो कोण? आमच्या कारखान्यांतही संघटना नसली की हेच घडते. एकाने कमी मजुरी नाकारली तर दुसरा ती घेतोच, आणि शेवटी सगळेच कमीवर येतात. सुरुंगाने आणि विषाने मासे मारण्यास १८९७ च्या मासेमारी कायद्याने बंदी घातली. सव्वाशे वर्षे उलटून गेली तरी आडरानातल्या डोहांत हे प्रकार ऐकू येतात. कायद्याला हात असतो, पण रात्री डोहावर जागणारा डोळा नसतो.

आता धरणांकडे वळू. खडकवासल्याच्या धरणाचे काम १८६९ साली सुरू झाले आणि दहा-अकरा वर्षांत पुरे झाले. दुष्काळी मुलखाला पाणी आणि पुणे व खडकीच्या छावण्यांना पिण्याची सोय, हे त्याचे हेतू. भाटघर १८९२ साली झाले. मुळशीला टाटांच्या वीज कंपनीचे धरण उभे राहिले, तेव्हा १९२१ पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. धरणग्रस्तांच्या लढ्यांचा इतिहास लिहायचा तर तेथूनच आरंभ करावा लागतो. पुढे पानशेत आले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेने अर्धे पुणे धुऊन नेले. त्या दिवसाची आठवण असलेली वडीलधारी मंडळी या सभागृहातही असतील.

धरणाने माशांचे काय केले? सगळ्यांचे सारखे केले नाही. गूंचेला धावते पाणी आणि खडक हवा. धरणाने पाणी थांबवले, खडकावर गाळ बसवला आणि चढणीची वाट भिंतीने बंद केली. त्याचे राज्य संपले. शिवडा आणि शिंगाळा मात्र साठलेल्या पाण्यातही तगले, काही ठिकाणी चांगले पोसले. परंतु सरकारी मत्स्यशास्त्राने त्यांच्याकडे वाकड्या नजरेने पाहिले. जलाशयात कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडायचे, ते वाढवायचे आणि विकायचे, असे धोरण ठरले. बीज खाणारा शिवडा त्या हिशेबात चोर ठरला. ज्या माशावर भोयाची चूल पिढ्यान् पिढ्या पेटली, तो आता काढून टाकण्याजोगा झाला.

धरणाखालच्या मुठेची कथा तर आपण नाकाला पदर लावून रोजच वाचतो. नदीतले पाणी कालव्यातून गेले, नळांतून घरात आले आणि गटारातून नदीत परतले. माशांच्या अभ्यासकांनी पुण्याच्या नद्यांची खानेसुमारी पुनःपुन्हा केली. साइक्सनंतर १९४२ साली फ्रेझर आणि होरा यांनी, १९६३ साली टोणपी आणि मुळेरकर यांनी, २००३ साली पुण्याच्याच तरुण संशोधकांनी. या याद्या एकापुढे एक ठेवल्या की जुनी नावे गळताना आणि बाहेरची नावे शिरताना दिसतात. एखाद्या कारखान्याचे जुने हजेरीपत्रक पाहावे आणि एकेका नावापुढे रेघ मारलेली दिसावी, तसे ते वाचताना वाटते. साइक्सने ज्याला चिल्ड्रेनचे नाव दिले, तो आपल्या नद्यांतला मार्जारमीन आज जगाच्या यादीत धोक्यात आलेल्या जातींत नोंदला आहे. शिवड्यालाही अलीकडे तीच चिन्हे दिसू लागल्याने त्याची गणना संकटग्रस्त होऊ घातलेल्यांत झाली आहे.

येथून आपण स्वारगेटहून सुटणाऱ्या सोलापूरच्या गाडीत बसू आणि भिगवणला उतरू. भीमेवर उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. सुमारे ११७ टी. एम. सी. पाणी अडवणारा हा जलाशय इंदापूर, दौंड, करमाळा आणि माढा या तालुक्यांच्या अंगावर पसरला आहे. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते आणि येथेच येऊन मुक्काम करते. पाणी आटले की जुन्या पळसदेवच्या मंदिराचे शिखर वर येते. मग वर्तमानपत्रे छायाचित्रे छापतात. त्या शिखराभोवती एक गाव होता आणि गावात माणसे होती, हे छायाचित्रात येत नाही.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांतले कित्येक त्याच पाण्यावर मासेमारी करू लागले, आणि परंपरेने मासे धरणारे भोई तर होतेच. काही होडीतून जातात, काही थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा मालमोटारीच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून. थंडीत पहाटे तीन वाजता छातीइतक्या पाण्यात जाळे सोडवणारा मनुष्य मी पाहिला आहे. भिगवणच्या बाजारातून मासा पुण्याच्या गणेश पेठेत येतो आणि तेथून आपल्या ताटात. या प्रवासात त्याच्या किमतीची कशी वाटणी होते, ते पाहण्याजोगे आहे.

जलाशयातील मासेमारीचा हक्क ठेक्याने देण्याची पद्धत आहे. तो प्रथम मच्छीमारांच्या सहकारी संस्थांना मिळावा, असा हेतू कागदावर चांगला आहे. प्रत्यक्षात काय होते ते मी एका तलावावर पाहिले. तलावाचे आणि संस्थेचे नाव घेत नाही. संस्थेच्या दप्तरात सभासद भोई, शिक्का भोयांचा, सह्या आणि अंगठे भोयांचे. ठेक्याची रक्कम भरली होती एका व्यापाऱ्याने. होडीला उचल त्याची, जाळ्याला उचल त्याची, लग्नाला आणि आजारपणाला उचल त्याचीच. मासा त्यालाच घालायचा, भाव तो सांगेल तो, आणि तोलायचा काटाही त्याचाच. एक म्हातारा मला म्हणाला, "भाऊ, शिंगाळ्याचा काटा परवडला. चार दिवसांनी उतरतो. ह्या काट्याचं जहर बापाला चढलं ते अजून माझ्या अंगात हाय." दप्तर तपासायला कोणी आले तर सारे नियमाप्रमाणे! साइक्सच्या निबंधात शब्द भोयाचा आणि नाव साहेबाचे होते. येथे नाव भोयाचे आणि पैसा दुसऱ्याचा. उलटापालट झाली, पण भोई होता तेथेच आहे.

त्यात आणखी एक संकट बाहेरून आले, आणि योगायोग असा की तेही मार्जारमीनांचेच. आफ्रिकेतला मांगूर १९९० च्या सुमारास चोरवाटेने आपल्या देशात शिरला. भराभर वाढतो, कसलेही खातो, घाण पाण्यात तगतो, म्हणून खाटीकखान्याच्या टाकाऊवर त्याची पैदास सुरू झाली. तो तळ्यातून निसटला की देशी मासा उरत नाही. केंद्र सरकारने २००० साली त्याच्या पैदाशीवर बंदी घातली. २०१९ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने तिची अंमलबजावणी करण्यास बजावले आणि पुढे महाराष्ट्रात साठे नष्ट करण्यात आले. दुसरा पाहुणा दक्षिण अमेरिकेतला. शोभेच्या काचपेटीतला खरबरीत पाठीचा हा सकर मासा कोणी कंटाळून नदीत सोडला, आणि आज तो उजनीत जाळ्यात येतो. खायला निरुपयोगी, बाजारात कवडी नाही, आणि जाळे फाडतो ते वेगळेच. शहरातल्या दिवाणखान्यातला कंटाळा भिगवणच्या भोयाच्या जाळ्यात जाऊन अडकतो. चिलापीने तर आधीच जलाशय व्यापला आहे.

बाहेरच्या जगातही मोठ्या मार्जारमीनांची कथा दोन टोकांची आहे. स्पेनच्या एब्रो नदीवरील जलाशयांत १९७४ साली एका जर्मन हौशी माणसाने मध्य युरोपातला प्रचंड मार्जारमीन आणून सोडला. आता तेथे देशोदेशीचे शौकीन गळ घेऊन येतात, मासा पकडतात, छायाचित्र काढतात आणि परत सोडतात. त्यावर खाणावळी चालतात, पण त्या नदीतल्या मूळच्या माशांवर संक्रांत आली. उलट मेकाँग नदीत, थायलंडच्या उत्तर भागात, २००५ साली २९३ किलो वजनाचा मार्जारमीन कोळ्यांनी पकडला. गोड्या पाण्यातल्या नोंदलेल्या सर्वांत मोठ्या माशांत त्याची गणना होते. ती जात आज नामशेष होण्याच्या काठावर आहे. एके ठिकाणी नको तेथे मासा आणला, दुसऱ्या ठिकाणी हवा तेथून तो गेला. दोन्ही ठिकाणी नदीकाठच्या माणसाला कोणी विचारले नव्हते.

मग उपाय काय? नुसते रडगाणे गाण्यासाठी कामगार चळवळीचा माणूस व्यासपीठावर येत नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातले एक उदाहरण पाहा. तवा धरणाने उठवलेल्या आदिवासींनी संघर्ष करून १९९६ साली जलाशयाचा मासेमारी हक्क स्वतःच्या संघाकडे घेतला. दहा वर्षे त्यांनी तो चालवला. बीज सोडले, अंडी घालण्याच्या हंगामात मासेमारी बंद ठेवली, चोरट्या मासेमारीवर स्वतः पहारा दिला, मजुरी वाढवली. २००६ साली ठेक्याची मुदत संपली आणि व्याघ्रप्रकल्पाचे कारण पुढे करून हक्क गेला. पण जाळे ओढणारा अडाणी असतो, त्याला पाणी सांभाळता येत नाही, हा समज त्या दहा वर्षांनी कायमचा खोटा पाडला. पुढच्या वळणावर दुसरा कोणी पकडणार नाही अशी खात्री मिळाली, की पोटुशी मादी सोडून द्यायला भोई तयार असतो.

दुसरे उदाहरण तर या सभागृहापासून हाकेच्या अंतरावर आहे. स्वारगेटच्या शेजारी गुलटेकडीचा बाजार. तेथला हमाल एके काळी कोणाचाच नोकर नव्हता. पाठ त्याची, पोते व्यापाऱ्याचे आणि जबाबदारी कोणाचीच नाही. पुण्यात १९५५ साली हमाल पंचायत उभी राहिली, राज्यभर असंरक्षित कष्टकऱ्यांनी लढे दिले आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. त्या कायद्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते: प्रत्यक्ष ओझे उचलणाऱ्याची नोंद मंडळात करा, आणि त्याची मजुरी मंडळामार्फत द्या. कायद्याची अंमलबजावणी सर्वत्र नीट होते असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याचे नाव नोंदवहीत आले, त्याला निदान भांडायला जागा मिळाली.

हेच पाण्यावर का करू नये? एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायास शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय केला. निर्णय स्वागतार्ह आहे. पण शेतीचा दर्जा मिळाला की शेतीचा जुना प्रश्नही मिळतो: कसणारा कोण आणि खातेदार कोण? सवलतीची वीज, कर्ज आणि विमा ठेका भरणाऱ्याच्या नावाने जाणार, की पहाटे तीन वाजता पाण्यात उतरणाऱ्याच्या? म्हणून माझे म्हणणे असे की प्रत्येक जलाशयावर प्रत्यक्ष मासे धरणाऱ्या स्त्री-पुरुषांची नोंदवही करावी. त्यात विणणारी आणि विकणारी बाईही असावी. मासा उघड्या, सरकारी शिक्क्याच्या काट्यावर तोलावा. बारीक आसाच्या जाळ्यांवरील आणि हंगामातल्या मासेमारीवरील बंदी त्यांच्याच हातून राबवावी. आणि बंदीच्या दिवसांत त्यांच्या चुलीची तरतूद करावी, नाहीतर बंदी म्हणजे उपासमारीचा हुकूम. शिंगाळा आणि शिवडा यांना चोर न मानता जुने रहिवासी मानून काही डोह त्यांच्यासाठी राखावेत. देहूच्या डोहात श्रद्धेने जे साधले, ते इतर ठिकाणी नियमाने साधता आले पाहिजे.

आणि आपण शहरवासीयांनी? आपण मुठेत जे सोडतो ते त्याच माणसाच्या छातीपर्यंत पोचते, एवढे तरी ध्यानात ठेवावे. काचपेटीतला मासा नदीत सोडू नये. गणेश पेठेत मासा घेताना विकणाऱ्या बाईशी दोन रुपयांची घासाघीस करण्यापूर्वी मधल्या काट्याची आठवण ठेवावी.

तो कालव्यातला शिंगाळा पुढे काय झाला, असे कोणी विचारील. आमच्या हमालाने तो त्या पोरांना वाटून दिला. मला डोक्याकडचा भाग दिला, कारण रस्सा त्याचाच चांगला होतो. मी त्याला पुस्तकातले नाव सांगितले तेव्हा तो काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, "म्हणजे आमचा शब्द तिकडं पोचला म्हणायचा." शब्द पोचून आता पावणेदोनशेच्या वर वर्षे झाली. त्या शब्दामागचा माणूस आपल्या नोंदवहीत पोचवण्याचे काम राहिले आहे, आणि ते लंडनला नव्हे, येथेच करावयाचे आहे.